मनिलातले वस्ताद

कोल्हापूरचा उत्तम गूळ कोल्हापुरात मिळेलच असं नाही. तो बहुधा ढेपा बांधून आधीच परगावी गेलेला असतो. फिलिपिन्सच्या काठीचंही तसंच काहीसं झालं आहे. मनिलात दीड महिना वणवण केल्यावर मला हे उमगलं.

आपल्याच महाविद्यालयातून इतिहास घेऊन मी बी. ए. झाले, पुण्याला एका कंपनीत लागले आणि त्या कंपनीने जून २०१८ मध्ये मला नऊ महिन्यांसाठी मनिलाला धाडलं. काम रात्रीचं. अमेरिकेत दिवस असतो तेव्हा मनिलात रात्र असते. तिकडून येणाऱ्या फोनना उत्तरं कशी द्यावीत, हे तिथल्या मुलामुलींना शिकवायचं. (इतिहासाची पदवी या कामी कशी आली, हे कृपया प्राध्यापकांनी विचारू नये.)

तिसऱ्याच आठवड्यात, पहाटे पाळी संपवून परतताना, एका पोराने मागून येऊन माझ्या हातातला मोबाईल हिसकावला नि तो गल्लीत दिसेनासा झाला. मला खरचटलंसुद्धा नाही. फोनही जुनाच होता. पण त्या दिवसापासून मागे चपलेचा आवाज झाला की माझी पाठ ताठ व्हायची. खोलीपासून कचेरीपर्यंतची दहा मिनिटांची वाट मी टॅक्सीने जाऊ लागले. पगाराचा हिशेब मांडला तेव्हा ध्यानात आलं की, भीती ही फार महागडी वस्तू आहे.

आता थोडं मागे जायला हवं. माझे वडील, म्हणजे आबा, पेठेतल्या तालमीत लाठी शिकवायचे. लाठी, फरी-गदगा, दांडपट्टा. शिवजयंतीला हलगी-घुमकं वाजू लागलं की आबा पागोटं बांधून मैदानात उतरत. मी सहा-सात वर्षांची असताना त्यांनी माझ्या उंचीची एक लाठी तासून घेतली होती. बारावं सरलं नि एके दिवशी आजीने सांगितलं, "आता पोरगी मोठी झाली, मैदानात जायचं न्हाई." आबा काही बोलले नाहीत. लाठी माळ्यावर गेली. त्यावर आमच्या घरात पुन्हा कधी चर्चा झाली नाही. पुढे मी शिकले, नोकरी लागली, आणि आबांचं नि माझं फोनवरचं बोलणं चार वाक्यांवर येऊन थांबलं: "जेवलीस काय? पाऊस हाय काय? पैसं हाईत न्हवं? आईकडं देतो."

तर, मनिलात भीतीवर उपाय शोधायला बसले तेव्हा हातात पहिल्यांदा काठीच आली, यात नवल नाही. तिथल्या काठीच्या विद्येला आर्निस म्हणतात, एस्क्रिमा म्हणतात, काली असंही म्हणतात. पहिली दोन नावं स्पॅनिशांकडून आलेली. 'आर्नेस' म्हणजे चिलखत-साज, नि 'एस्ग्रिमा' म्हणजे पट्टेबाजी. तीनशे तेहतीस वर्षं राज्य केल्यावर एवढी खूण राहायचीच. डिसेंबर २००९ मध्ये तिथल्या सरकारने कायदा करून आर्निसला राष्ट्रीय युद्धकला नि राष्ट्रीय खेळ ठरवलं; शाळांच्या शारीरिक शिक्षणातही ते आणलं. मग काय, सव्वा कोटी वस्तीच्या शहरात शिकवणारा सापडायला कितीसा वेळ लागणार?

लागला. माझ्या खोलीच्या आसपास मुष्टियुद्धाच्या व्यायामशाळा पायलीला पन्नास होत्या. पॅकियाओचा देश तो! कोरियाचा तायक्वांदो होता, थायलंडचा मुए थाई होता, ब्राझीलचा जुजुत्सूदेखील होता. आर्निस तेवढं नव्हतं. वर्गातल्या मुलांना विचारलं तर ती हसली. "मिस, ते आम्ही शाळेत केलंय. त्याला मार्क असतात." ज्या गोष्टीला मार्क असतात तिच्याकडे पुढे कुणी वळत नाही, ही रीत दोन्ही देशांत सारखीच दिसली. एका मॉलमधल्या वर्गाची पाटी मिळाली. फोन केला तर विद्यार्थी नाहीत म्हणून वर्ग बंद. कियापोतल्या एका जुन्या वर्गाचा पत्ता हाती लागला. तिथे दोन जिने चढून गेले तर दाराला कुलूप. खाली मोबाईल दुरुस्त करणारा बसला होता. त्याने वर बोट केलं नि हात जोडून डोळे मिटले. म्हणजे शिकवणारे देवाघरी गेले होते.

कियापो म्हणजे आपल्या महाद्वार रोडची गर्दी दहापट करावी आणि मध्ये अंबाबाईच्या जागी काळ्या येशूचं देऊळ ठेवावं. तिथेच मोठ्या पुलाखाली बुरुडकामाची, वेताच्या टोपल्यांची दुकानं आहेत. टोपल्यांच्या आड वेताच्या काठ्यांची जुडी उभी दिसली. हातभर लांब, अंगठ्याहून जाड, गाठी तासलेल्या. दुकानातल्या बाईने दोन निवडून दिल्या, एकमेकींवर आपटून आवाज ऐकवला, आणि पैसे घेताना विचारलं, "तुझे गुरो कोण?"

मी दचकले. 'गुरो' म्हणजे शिक्षक. तो आपलाच गुरू, समुद्र ओलांडून गेलेला. त्यांच्या भाषेत तोंडाला 'मुखा' म्हणतात, आशेला 'आसा' म्हणतात. गंमत बघा, संस्कृतातला गुरू त्यांनी काठी शिकवणाऱ्याला दिला, नि आम्ही कोल्हापूरकर आमच्या काठीवाल्याला फारसीतला वस्ताद म्हणतो.

"गुरो नाही," मी म्हटलं. बाई बघत राहिल्या. मंगळसूत्र विकत घेऊन नवरा ठरला नाही म्हणणाऱ्या मुलीकडे सराफ बघेल तशा.

शेवटी पत्ता दिला तो आमच्या इमारतीच्या रखवालदाराने. मनिलात मॉलच्या, स्टेशनच्या दारांत रखवालदार उभे असत आणि हातातली छोटी लाकडी काठी आपल्या पिशवीत खुपसून आत काय आहे ते चाचपत. मी त्याला रोज 'कुया', म्हणजे दादा, अशी हाक मारायची. त्या दिवशी त्याची काठी माझ्या पिशवीतल्या काठ्यांवर आपटली. दोन्हींकडून टक् असा आवाज झाला. त्याने त्या बाहेर काढल्या, मनगटात एक फिरवली, आणि रविवारी सकाळी लुनेटाला जा म्हणून सांगितलं.

लुनेटा म्हणजे रिझाल पार्क. तिथेच ३० डिसेंबर १८९६ रोजी स्पॅनिशांनी होझे रिझालला गोळ्या घातल्या. आज त्याच्या स्मारकापुढे सैनिक पहारा देतात, आणि बाकीच्या बागेत रविवारी सगळं मनिला येऊन पडतं. हिल स्टेशनाइतका गारवा नाही, समुद्र मात्र जवळ. मी सकाळी सहाला हिल पुयात स्टेशनवरून गाडी धरली नि चौथ्या थांब्याला, युनायटेड नेशन्स स्टेशनवर उतरले. कुठे गाण्यावर कवायत चाललेली, कुठे चिनी आजोबा संथपणे हवा ढकलताहेत, कुठे बुद्धिबळाचे पट मांडलेले. आणि त्या सगळ्या गलक्यातून एक आवाज वेगळा येत होता: वेतावर वेत. तो आवाज मला कुणी ओळखून द्यायची गरज नव्हती. मी नाकासमोर त्याच्या दिशेने गेले.

झाडाखाली दहा-बारा जण होते. कॉलेजची पोरं, एक नर्स, एक टॅक्सीवाला, दोन गोरे पाहुणे, नि मध्ये एक सत्तरीचे गृहस्थ. अंगात साधा बनियन, पायांत कॅनव्हासचे बूट. हेच गुरो. मी लांब उभी राहिले तर त्यांनीच बोलावलं. काय हवंय? मी म्हटलं, रस्त्याने न घाबरता चालायला यायला हवं. फोन चोरीला गेल्याचंही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कुणी फोन मागितला तर देऊन टाक. तो पहिला धडा. दुसरा धडा आता करू."

मला वाटतं, मी त्याच क्षणी त्यांची शिष्या झाले. फुशारकी मारणारा मास्तर मिळाला असता तर मी परत गेले नसते.

दुसरा धडा म्हणजे बारा वार. हे वार नावांनी नव्हे, आकड्यांनी ओळखायचे. एक डाव्या कानशिलावर, दोन उजव्या, असं करत बारावा माथ्यावर. नवख्याला आधी काठी देतात, हे मला विशेष वाटलं. इतर बऱ्याच विद्यांत आधी रिकाम्या हाताने वर्षं काढायची नि मग शस्त्राला हात लावायचा. इथे उलट. काठी जशी फिरते तसाच सुरा फिरतो, तशीच मूठ फिरते, हे त्यांचं सूत्र. रेषा एकच, हातातली वस्तू बदलते. वेत त्यासाठी उत्तम, कारण तो लाकडासारखा फाटून टोकदार होत नाही, नुसता झिजून त्याचे धागे सुटतात. जोरात ठोकाठोकी चालली की त्याला एक करपल्यासारखा वास येतो. तो वास अजून माझ्या एका पिशवीला आहे.

मग आली सिनावाली. दोघांच्या हातांत दोन-दोन काठ्या, आणि समोरासमोर उभं राहून ठरलेल्या ठोक्यांनी त्या एकमेकांवर आणायच्या. 'सावाली' म्हणजे आपल्या कोकणात असतात तसल्या विणलेल्या तट्ट्या. काठ्यांची वीण तशीच पडते म्हणून ते नाव. मला आपला गोफ आठवला. त्या रविवारी रात्री आबांना फोनवर म्हणाले, "आबा, इकडं टिपऱ्यांसारखं शिकाय लागलोय." जेवलीस काय, पाऊस हाय काय, इथपर्यंत गाडी आलीच होती. पलीकडे शांतता. मग आबा म्हणाले, "टिपऱ्या? टिपऱ्या बायका गौरीला खेळत्यात. लढायचं शिकतीयास का नाचायचं?"

मी समजावू लागले. किती अंतरावरून मारतात, वार कसा घेतात, काठी मारणाऱ्याच्या काठीवर नव्हे तर त्याच्या हातावरच मारायची. सापाचे दात काढले की साप काय करणार, अशी त्यांची म्हण. आबा मध्येच म्हणाले, "हातावर मारत्यात व्हय? मग शहाणी माणसं हाईत." त्यानंतर, "पाय कसा टाकत्यात?"

त्या रात्री आम्ही चाळीस मिनिटं बोललो. माझ्या नोकरीच्या मुलाखतीनंतरदेखील आम्ही एवढं बोललो नव्हतो.

आबांचा सगळा जीव पायांत. "आपल्यात पवित्रा आधी, मग काठी," हे वाक्य मी लहानपणी हजार वेळा ऐकलेलं. आर्निसमध्ये जमिनीवर त्रिकोण कल्पून त्याच्या रेषांवर पाऊल टाकतात; वाराच्या समोरून हटायचं नाही, तिरकं आत घुसायचं. मी गच्चीवर खडूने त्रिकोण काढला, शेजारणीला मोबाईल धरायला लावला आणि ते चित्रण घरी पाठवलं. शेजारच्या पोराच्या फोनवर आबांनी ते पाहिलं. उत्तर आलं: "नुसता हात दिसाय लागलाय. पाय कुठं हाय? पाय दाखीव." दुसऱ्यांदा पाठवलं. तेव्हा म्हणाले, "डावा हात रिकामा का ठेवलाय? आपल्याकडं डाव्या हातात फरी असती."

हा प्रश्न मी पुढच्या रविवारी गुरोंपुढे ठेवला. एका काठीने खेळताना डावा हात मोकळा दिसतो, पण तो निजलेला नसतो. समोरच्याची काठी दाबायची, मनगट धरायचं, काठी काढून घ्यायची, हे सगळं तो करतो. गुरो म्हणाले, "आमच्या पूर्वजांकडेही ढाल होती. कालासाग. आता हीच कालासाग." आणि त्यांनी डावा पंजा छातीपुढे धरला. आबांना हे कळवलं. ते बराच वेळ हं हं करत राहिले.

असं ते टपालखातं सुरू झालं. मी मधली पोस्टमन. दर रविवारी कोल्हापूरचा एक प्रश्न लुनेटाला जाई नि लुनेटाचं उत्तर कोल्हापूरला. गुरोही चौकशी करू लागले: तुझ्या वडिलांची लाठी किती लांब, ते दोन्ही टोकं वापरतात का, तो लवचीक पट्टा हातमोज्यात कसा बसवलेला असतो. दांडपट्ट्याचं चित्र पाहून त्यांनी डोळे विस्फारले आणि शिष्यांना गोळा केलं.

वर्ग संपला की मी कधी कधी त्याच बागेतल्या राष्ट्रीय संग्रहालयात जाऊन बसे. तिकीट नाही नि आत थंडगार. तिथे एक लहानसा ताम्रपट आहे, लागुना प्रांतात नदीच्या गाळात सापडलेला. एका माणसाचं कर्ज फिटल्याची ती पावती आहे. तिच्यावर काळ घातलाय शके ८२२, वैशाख वद्य चतुर्थी. इसवी सन ९००. आमच्या घरी भिंतीवर कालनिर्णय टांगलेलं असतं त्यातला शक, त्यातलाच वैशाख, त्यातलीच वद्य चतुर्थी! मी इतिहासाची विद्यार्थिनी. तो पत्रा पाहताना पहिल्यांदाच मला त्या शहरात परकं वाटेनासं झालं.

बागेत लापुलापुचा भला थोरला पुतळा आहे. २७ एप्रिल १५२१ रोजी माक्तान बेटावर त्याच्या माणसांनी मॅगेलानला ठार केलं. आर्निसच्या प्रत्येक वर्गात हा प्रसंग तोंडी लावायला असतोच. आमच्याकडे जसा कुठल्याही मर्दानी खेळाच्या प्रास्ताविकात प्रतापगड. त्या दिवशी लापुलापुने नेमके कुठले वार केले हेही काही जण सांगतात. ते मी इतिहासाच्या वहीत घेतलं नाही. घेण्याजोगा इतिहास अलीकडचाच आहे नि तोही कमी रसाळ नाही. खरं माहेर सेबू बेट. तिथे १९३२ मध्ये 'दोसे पारेस' नावाचं मंडळ निघालं. त्यातून फुटून १९५२ मध्ये वेनान्सिओ बाकोन यांनी 'बालिंतावाक' काढलं, एका घड्याळजीच्या दुकानामागच्या जागेत. दोहोंतली चुरस अशी की आपल्या पेठांचे फुटबॉलचे सामने सौम्य वाटावेत. इकडे कॅलिफोर्नियात शेतमजुरीला गेलेल्या फिलिपिनोंनी ही विद्या आपसांत जपली, आणि १९६६ मध्ये स्टॉक्टन गावी आंखेल काबालेस यांनी ती सर्वांना खुली करणारी शाळा काढली. त्याच गावचा डॅन इनोसांतो पुढे ब्रूस लीचा जोडीदार झाला नि जगभर नाव झालं. मग परदेशी शिष्य मनिलाला येऊ लागले. ते दोन गोरे पाहुणे जर्मनीहून आले होते. गुरो म्हणाले, "आमची पोरं हे बघून येतात. पाहुणा शिकायला आला, म्हणजे घरात काहीतरी असणार."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी गुरोंनीच सांगितलं, वडिलांना फोन लाव, चेहरा दिसेल असा. लुनेटात साडेसात, म्हणजे कोल्हापुरात पाच. आबा त्या वेळी उठलेले असतातच. फोन झाडाच्या फांदीत अडकवला. एकीकडे बनियनमधले गुरो, दुसरीकडे सोप्यातल्या ट्यूबलाईटखाली स्वेटर घातलेले आबा. दोघांना एकमेकांची भाषा येत नाही. गुरोंनी वाकून, काठी छातीशी धरून त्यांचा मुजरा केला. आबांनी इकडेतिकडे पाहिलं, कोपऱ्यातली छत्री उचलली आणि आपला मुजरा केला. मग गुरोंनी एक पवित्रा दाखवला. आबांनी फोन शेजारच्या पोराच्या हाती दिला, धोतराचा सोगा खोचला नि छत्रीने पवित्रा घेतला. आत आईचा आवाज: "अहो, ट्यूब फुटंल!" सत्तरी गाठलेली ती दोन माणसं दहा मिनिटं खेळली. इकडची पोरं टाळ्या वाजवत होती.

दमून आबा बाकावर टेकले आणि मला म्हणाले, "त्यास्नी सांग. म्हणावं, हिला बारा वरसांची हुईस्तवर मी शिकवलं. हात चांगला हुता. पुढं माझ्या आईनं बंद केलं, आन् मी काय बोललो न्हाई. तेवढं सगळं सांग."

मी नुसती उभी राहिले. गुरो वाट बघत होते. एवढ्या वर्षांत जे घरात कुणी कुणाला म्हटलं नव्हतं ते मला परक्या भाषेत, परक्या माणसाला, बारा जणांदेखत सांगायचं होतं. सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. गुरो फोनकडे वळले, मान झुकवून 'ओपो' म्हणाले. 'हो' असं मोठ्या माणसाला म्हणायचं असलं की ते तसं म्हणतात. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हात अजून चांगला आहे. डावा खांदा खाली ठेव," आणि वर्ग पुढे सुरू झाला.

टॅक्सी मी कधी सोडली हे नेमकं सांगता यायचं नाही. ऑक्टोबरच्या सुमारास असावं. मागे चपलेचा आवाज आला तर आजही कान टवकारतात. फक्त पाय आता तिरके पडायला तयार असतात.

मार्च २०१९ मध्ये परतले. विमानतळावर काठ्या मोठ्या बॅगेत द्याव्या लागल्या. त्याच वर्षअखेर फिलिपिन्समध्ये आग्नेय आशियाई क्रीडास्पर्धा झाल्या नि त्यांत आर्निस होतं. ते सामने आबांनी माझ्यासोबत फोनच्या पडद्यावर बघितले आणि पंचांना नावं ठेवली. वेत हातात घेऊन ते म्हणाले, "हलकी हाय." दुसऱ्या दिवशी ती काठी नमुन्याला घेऊन बुरुडाकडे गेले नि कळकाच्या आठ तासून आणल्या. माळ्यावरची लाठीही उतरवली. ती आता माझ्या खांद्याइतकीसुद्धा येत नाही, माझ्या भाचीला मात्र बरोबर बसते.

हल्ली मी सुट्टीला आले की रविवारी सकाळी अंगणात भाची नि गल्लीतल्या तिच्या मैत्रिणी जमतात. आबा खुर्चीवरून पाय बघतात, मी हात बघते. मोजणी तागालोगमध्ये चालते, कारण पोरींना तीच आवडते: इसा, दालावा, तात्लो, आपात, लिमा. आबा 'लिमा'ला अजून लिंबू म्हणतात, आणि पोरी हसल्या की खुर्चीवरूनच ओरडतात, "हसू नगासा, पाय बघा!"